छावणीत उरतात ते कोण? निर्वासित तरुण, स्थलांतर आणि वर्ग

निर्वासितांचा अभ्यास ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभी राहिली ती गेल्या चार दशकांत. १९८२ मध्ये बार्बरा हॅरेल-बाँड यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात या विषयाचे केंद्र सुरू केले, १९८८ पासून त्याला वाहिलेले नियतकालिक निघू लागले, आणि युद्धांतून, दंगलींतून व वंशसंहारांतून जीव वाचवून परमुलखात आलेल्या माणसांविषयीचे लेखन जसजसे वाढत गेले तसतशी त्यातील एक उपशाखा निर्वासित तरुणांच्या वाट्याला आली. या उपशाखेतील बहुतेक लेखन तीन प्रश्नांभोवती फिरते : हिंसेने मनावर झालेला आघात, दोन संस्कृतींच्या मध्ये सापडलेल्या तरुणाची अस्मिता, आणि नव्या समाजात त्याचे सामावून जाणे. हे तिन्ही प्रश्न खरे आहेत. मात्र ते मांडण्याच्या रीतीत तरुणाचे निर्वासित असणे हे कारण ठरते आणि पुढे त्याच्या आयुष्यात जे जे घडते ते त्या कारणाचे कार्य मानले जाते. बाप कूळ होता की जमीनदार, आई निरक्षर होती की शिक्षिका, गावातले घर स्वतःचे होते की मालकाच्या आवारातले, ही माहिती प्रश्नावलीच्या शेवटच्या रकान्यांत भरली जाते आणि बहुधा तिथेच राहते. या क्रमालाच हरकत घेणे आवश्यक आहे. संकट आले असता कोण पळू शकतो, कुठवर पोचतो, किती काळ निर्वासित म्हणून मोजला जातो आणि त्याच्या मुलांचे पुढे काय होते, या चारही गोष्टी बऱ्याच अंशी वर्गाने ठरतात, आणि हे ध्यानात न घेता केलेले संशोधन गरिबीच्या परिणामांना निर्वासितपणाचे परिणाम समजून बसते.

ही गफलत कशी होते हे पाहण्यासाठी संशोधकाला आपली माणसे कुठे सापडतात हे आधी पाहावे लागते. ती सापडतात छावणीत, मदतसंस्थेच्या नोंदवहीत, निर्वासितांच्या मुलांसाठी चालवलेल्या शाळेत. रॉजर झेटर यांनी सायप्रसमधील विस्थापितांच्या अभ्यासातून १९९१ मध्ये असे दाखवले की ‘निर्वासित’ हा शिक्का सरकारे आणि मदतसंस्था आपल्या कारभाराच्या सोयीने घडवतात, आणि एकदा तो बसला की माणसाच्या गरजा, वर्तन व अपेक्षा त्याच्याच साच्यात ओतल्या जातात. या निरीक्षणाला एक पुरवणी जोडावी लागते. ज्याच्याकडे पैसा, पदवी किंवा परदेशात स्थिरावलेले नातेवाईक आहेत तो हा शिक्का फार काळ अंगावर ठेवत नाही, कित्येकदा लावूनच घेत नाही. तो विद्यार्थी, व्यापारी, डॉक्टर किंवा कुणाचा तरी जावई म्हणून सीमा ओलांडतो आणि आकडेवारीत वेगळ्याच मथळ्याखाली जमा होतो. त्यामुळे छावणीत घेतलेला नमुना हा निर्वासितांचा नमुना नसतो, शिक्क्यातून सुटणे ज्यांना परवडले नाही अशांचा तो नमुना असतो. अशा नमुन्यातील मुले शाळेत मागे पडतात असे आढळले, तर त्यातून विस्थापनाविषयी किती आणि दारिद्र्याविषयी किती सिद्ध झाले, हे सांगता येण्यासारखे नसते.

स्थलांतर आणि वर्ग यांचा संबंध या क्षेत्रात ज्यांनी सर्वांत ठामपणे मांडला त्या निकोलस व्हॅन हिअर यांचा २००४ मधला निबंध, आणि त्याच धाग्याने २०१४ मध्ये केलेली पुनर्मांडणी, या दोहोंचा आधार श्रीलंकेतील तमिळांसारख्या समूहांचे अनुभव हा आहे. जुलै १९८३ च्या हिंसाचारानंतर आणि पुढच्या यादवीत घर सोडणाऱ्या तमिळांपैकी ज्यांना दलालाचे पैसे, विमानाचे तिकीट आणि तिकडे उतरवून घेणारा आप्त यांची सोय करता आली ते कॅनडा, ब्रिटन व युरोपातील इतर देशांत पोचले; ज्यांच्याकडे होडीपुरते पैसे होते ते पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून तमिळनाडूतील मंडपम व इतर छावण्यांत आले; आणि ज्यांच्याकडे तेवढेही नव्हते ते बेटावरच एका गावातून दुसऱ्या गावात हलत राहिले. युद्ध एकच, भाषा एक, भीतीही एक. अंतर मात्र ऐपतीप्रमाणे. टोरांटोत वाढलेला तमिळ तरुण आणि मंडपमच्या छावणीत जन्मलेला तमिळ तरुण यांची तुलना करून कुणी जर यजमान देशाच्या धोरणांची गुणवत्ता मापू लागला, तर त्याने तुलनेचा अर्धा भाग वगळलेला असतो, कारण या दोघांची कुटुंबे आपापल्या घरातून निघाली तेव्हाच एका रेषेवर नव्हती. एवढे खरे की धोरणांचाही वाटा उरतोच: तमिळनाडू सरकारने या निर्वासितांच्या मुलांना महाविद्यालयांत राखीव जागा दिल्या होत्या, राजीव गांधींच्या हत्येनंतर ती सवलत काही वर्षे बंद पडली, आणि त्या वर्षांत बारावी झालेल्यांच्या हातून एक दार कायमचे निसटले.

इथे वर्ग या संकल्पनेचा अर्थ जरा नेमका करून घेतला पाहिजे. उत्पादनसाधनांची मालकी कोणाकडे आणि श्रम कोणाचे, या मार्क्सच्या कसोटीवर पाहिले तर पळून आलेले सारेच जवळजवळ एका पातळीवर येतात, कारण जमीन, दुकान, घर ही सर्व साधने मागे राहिलेली असतात. तरीही पाच-दहा वर्षांत त्यांच्यात पुन्हा उतरंड तयार झालेली दिसते, आणि तिचे स्पष्टीकरण देण्यास पिएर बुर्दिय या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाची भांडवलाची मांडणी अधिक उपयोगी पडते. बुर्दियच्या मते भांडवल केवळ पैशाचे नसते. भाषा, शिष्टाचार, अभ्यासाची सवय आणि पदव्या हे सांस्कृतिक भांडवल. ओळखीपाळखी, नाती आणि अडीनडीला हाक मारता येईल अशी माणसे हे सामाजिक भांडवल. आणि या प्रकारांचे एकमेकांत रूपांतर होऊ शकते, मात्र त्याला वेळ लागतो व प्रत्येक रूपांतरात काही तूट येते. जमीन पाठीवर बांधून आणता येत नाही, पण इंग्रजी येते, हिशेब येतो, अर्ज कसा लिहावा आणि तो कुणाच्या टेबलावर ठेवावा हेही येते. तरुणांचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो तो याच जागी. प्रौढ निर्वासिताचे सांस्कृतिक भांडवल नव्या देशात अनेकदा बाद होते. काबूलचा डॉक्टर हँबर्गमध्ये टॅक्सी चालवतो. परंतु त्याच डॉक्टरची मुलगी पंधराव्या वर्षी शाळेत बसते तेव्हा घरात उरलेल्या सवयींचे पदवीत आणि पदवीचे उत्पन्नात रूपांतर होऊ लागते. पंधरा ते पंचवीस हे वय अशा रीतीने घराण्याच्या साठवणुकीचे नव्या चलनात परिवर्तन करण्याचे वय असते, आणि ज्या घरात साठवणूकच नव्हती तिथला तरुण त्याच वयात मजुरीला लागतो.

आंतरराष्ट्रीय आकडे या दृष्टीने वाचले तर वेगळेच बोलू लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने २०१९ च्या शिक्षण अहवालात असे नोंदवले होते की प्राथमिक वयाच्या निर्वासित मुलांपैकी ६३ टक्के शाळेत होती, माध्यमिक वयाच्यांपैकी २४ टक्के आणि उच्च शिक्षणाच्या वयाच्यांपैकी अवघे ३ टक्के. २०३० पर्यंत हा शेवटचा आकडा १५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरले आहे, आणि त्यासाठीचे एक प्रमुख साधन म्हणजे जर्मन सरकारच्या पैशातून १९९२ पासून चालणारी, अल्बर्ट आइन्स्टाइनच्या नावाची शिष्यवृत्ती. ही शिष्यवृत्ती असंख्य तरुणांना उपयोगी पडली याबद्दल वाद नाही. परंतु तिच्यासाठी अर्ज करण्याची पात्रता माध्यमिक शिक्षण पुरे करणाऱ्यालाच येते, म्हणजे जी सर्वांत मोठी चाळणी आहे तिच्यातून पार झालेल्यांतच निवड होते, आणि ज्या तरुणाला चौदाव्या वर्षी विटा वाहाव्या लागल्या त्याच्यापर्यंत ती कधी पोचतच नाही. वर जाण्याचा आकडा सुधारतो आणि खालची उतरंड तशीच राहते, असे होणे इथे सहज शक्य आहे. ‘निर्वासित तरुणांची प्रगती’ असा एकच मथळा दिला की ते दिसेनासे होते.

फाळणीनंतरच्या भारताइतके या विषयाचे मोठे आणि दीर्घकाळ पाहता येण्यासारखे उदाहरण दुसरे क्वचितच असेल. १९५१ च्या जनगणनेत सुमारे ७३ लाख विस्थापितांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ४७ लाख पश्चिम पाकिस्तानातून आणि २५ लाखांच्या आसपास पूर्व पाकिस्तानातून आलेले होते. या दोन प्रवाहांना मिळालेली वागणूक मुळातच वेगळी होती. पंजाबात दोन्ही बाजूंनी लोकसंख्येची जवळजवळ संपूर्ण अदलाबदल झाल्याने सरकारच्या हाती मुस्लिमांची मागे राहिलेली मालमत्ता आली आणि तिचे वाटप करता आले. हिंदू व शीख शेतकऱ्यांनी पश्चिमेकडे सुमारे ६७ लाख एकर जमीन सोडली होती, तर पूर्व पंजाबात वाटायला सुमारे ४७ लाख एकरच होती. म्हणून उत्पादकतेवर बेतलेले ‘प्रमाण एकर’ हे माप ठरवून प्रत्येक दाव्यात चढती कपात लावण्यात आली, जी लहान खातेदारासाठी २५ टक्क्यांपासून सुरू होऊन सर्वांत मोठ्या जमीनदारासाठी ९५ टक्क्यांपर्यंत जात होती. वरच्या टोकाला ही व्यवस्था निःसंशय न्याय्य होती. खालच्या टोकाला तिच्यात एक भगदाड होते, ज्याची चर्चा फार कमी होते: जमीन मिळे ती सोडून आलेल्या जमिनीच्या बदल्यात, म्हणजे ज्याने सात पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबून स्वतःच्या नावावर गुंठाही केला नव्हता त्या मजुराने पाकिस्तानात काहीच गमावले नव्हते असे कागद सांगत होते. रविंदर कौर यांनी दिल्लीतील पंजाबी निर्वासितांचा अभ्यास करताना दाखवले आहे की कष्टाने उभ्या राहिलेल्या पंजाब्याची जी सर्वतोमुखी कथा आहे तिच्यात अस्पृश्य निर्वासितांना जागाच नाही.

काहींना तर निर्वासित होणेही साधले नाही. कराचीतील सफाई कामगारांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली सिंध सरकारने अडवून ठेवले, कारण सवर्ण निघून गेले तरी शहर चालते, मैला उचलणारा गेला तर चालत नाही. डिसेंबर १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेहरूंना पत्र लिहून पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना येऊ दिले जात नसल्याकडे आणि आलेल्यांपर्यंत मदत पोचत नसल्याकडे लक्ष वेधले होते. निर्वासितांच्या इतिहासात या पत्राला जेवढे स्थान मिळायला हवे तेवढे मिळालेले नाही. युरोपात घडलेल्या वर्गसंकल्पना इथे जशाच्या तशा का लागू पडत नाहीत, हे त्यातून उघड होते: भारतात सांस्कृतिक आणि सामाजिक भांडवल कोणाला साठवता आले हे जातीने ठरवले होते, आणि म्हणून जातीवाचून केलेले वर्गविश्लेषण इथे पांगळेच राहणार.

सिंधमधून मुंबई इलाख्यात आलेल्यांची गोष्ट महाराष्ट्राला परिचित आहे, पण ती सहसा एकसंध करून सांगितली जाते. सिंधी हिंदूंत आमिल हा दिवाणी कारभारात व शिक्षणात पुढे असलेला गट आणि भाईबंद हा व्यापारी गट अशी जुनी विभागणी होती. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजमधील प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद कॉलेज काढले आणि हैदराबाद-सिंधचे नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्याला पुन्हा सुरू झाले. म्हणजे देश सोडून दोन वर्षे होण्याआधीच सुशिक्षित सिंध्यांनी आपल्या मुलांसाठी पदवीचा मार्ग नव्या शहरात जोडून घेतला होता. त्याच काळात कल्याणजवळच्या लष्करी बराकींत जवळजवळ एक लाख माणसे कोंबलेली होती. या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर असे नामकरण झाले, पण ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ हे पत्ते आजही चालू आहेत. तिथे महाविद्यालये उभी राहायला १९६० चे दशक उजाडावे लागले. मधल्या बारा-पंधरा वर्षांत बराकीतला मुलगा काय करत होता याचे उत्तर उल्हासनगरच्या गल्ल्यांतले कारखाने, शिवणयंत्रे आणि लोकलमधली फेरीविक्री देतात. पुढे त्या शहराने उद्योगात नाव मिळवले (आणि नकली मालाबद्दल थोडी बदनामीही), आणि त्याचे श्रेय सिंध्यांच्या चिकाटीला दिले गेले. चिकाटी होतीच, पण ज्या समाजात उधारीवर माल देणारा नातलग आणि तोंडी शब्दावर चालणारा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला होता, त्या समाजाची चिकाटी फळाला येणे आणि तसे काहीच नसलेल्याची चिकाटी वाया जाणे, या दोहोंतला फरक स्वभावाचा नाही. आज निर्वासित तरुणांच्या ‘लवचिकते’वर, म्हणजे आघातातून पुन्हा उभे राहण्याच्या शक्तीवर, जे मानसशास्त्रीय संशोधन चालते त्यात हा घटक अनेकदा स्वभावगुणाच्याच खात्यात टाकला जातो.

बंगालमधील वर्गरेषा आणखी ठळक आहे. १९४७-४८ मध्ये पूर्व पाकिस्तानातून जे आले ते प्रामुख्याने भद्रलोक, म्हणजे शिकलेले उच्चजातीय: ज्यांची कलकत्त्यात नोकरी होती, मामा होता किंवा निदान विद्यार्थिदशेतली ओळख होती. नमःशूद्र या दलित जातीचे शेतकरी आणि कुळे यांनी पाय काढला तो मोठ्या प्रमाणात १९५० च्या बारिसाल-खुलना भागातील दंगलींनंतर, आणि त्याच वर्षी त्यांचे नेते जोगेंद्रनाथ मंडल हे पाकिस्तानच्या मंत्रिमंडळातून राजीनामा देऊन भारतात आले. जोया चॅटर्जी यांनी दाखवल्याप्रमाणे निर्वासित कुठे स्थिरावले हे नशिबाने ठरले नव्हते. हातात असलेले कसब, पैसा आणि संबंध यांनी ते ठरले. भद्रलोकांनी कलकत्त्याच्या दक्षिणेला मोकळ्या जमिनी आणि रिकाम्या लष्करी बराकी ताब्यात घेऊन विजयगड, आझादगड अशा वसाहती बसवल्या, समित्या स्थापल्या, नकाशे काढले, कोर्टकचेऱ्या केल्या आणि जवळजवळ पहिल्या दिवसापासून शाळा उघडल्या; विजयगडला तर १९५० मध्येच महाविद्यालय होते. हे अतिक्रमणच होते, परंतु ते करणाऱ्यांना कायद्याची भाषा येत होती, आणि म्हणून ते आंदोलन म्हणून ओळखले गेले. ऋत्विक घटक यांच्या ‘मेघे ढाका तारा’ या १९६० च्या चित्रपटातील नोकरी करून घर चालवणारी तरुणी याच वसाहतींतली आहे. तिचे दुःख खरे आहे. फक्त बंगाली निर्वासित तरुणाईचा चेहरा म्हणून तोच एक चेहरा भारतभर पोचावा, हेही सांस्कृतिक भांडवलाचेच काम आहे.

दुसरा चेहरा सरकारी छावणीत होता. तिथे रोजच्या मदतीवर जगणाऱ्यांचे वर्गीकरण करण्यात आले: ज्यांच्यामागे कर्ता पुरुष नाही अशा स्त्रिया, वृद्ध आणि अपंग हे ‘कायमचा बोजा’ या गटात, बाकीचे पुनर्वसनयोग्य, आणि पुनर्वसनाच्या योजनाही मूळ व्यवसायाप्रमाणे आखलेल्या, इतक्या की पानमळेवाल्या बारुजीवींसाठी वेगळी योजना होती. उदिती सेन यांनी या साऱ्या यंत्रणेचा तपशिलाने अभ्यास केला आहे. शेतकऱ्याला शेतकरी म्हणून उभे करणे हे वरवर पाहता सयुक्तिक वाटते, पण त्यामुळे राज्यसंस्था केवळ निवारा देत नव्हती, बापाचा धंदा मुलाच्या नावावर चढवत होती. १९५८ मध्ये ओडिशातील कोरापुट-कालाहांडी आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातील बस्तर या भागांसाठी दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन झाले, पश्चिम बंगालमधील छावण्या बंद करण्याचे ठरले, आणि छावणीवासीयांसमोर जंगलात जाणे किंवा मदत सोडणे असे दोनच पर्याय ठेवण्यात आले. वसाहतवाल्यांना हा प्रश्न कोणी विचारला नाही. ज्या जमिनी ‘रिकाम्या’ म्हणून दिल्या त्या आदिवासींच्या वहिवाटीतल्या होत्या, त्यामुळे एका गरीब समूहाच्या पुनर्वसनाची किंमत दुसऱ्या गरीब समूहाने मोजली, हेही इथेच नोंदवले पाहिजे. १९७८ मध्ये हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून सुंदरबनातील मरिचझापी बेटावर गेली, तेव्हा निर्वासितांच्या पाठिंब्यावर वाढलेल्या डाव्या आघाडीच्याच सरकारने १९७९ मध्ये आधी बेटाची नाकेबंदी केली आणि मग त्यांना हुसकून लावले.

वर्गावर भर देणाऱ्या या मांडणीला दोन प्रकारे उत्तर दिले जाईल. पहिले असे की विस्थापन वरच्या वर्गालाही खाली ओढते, आणि ते खरेच आहे. मात्र घसरलेल्याची मुले आणि मुळातच तळाशी असलेल्याची मुले एकाच वेगाने वर येत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पैसा कितीही असला तरी कायदेशीर दर्जा नसलेल्या माणसाला नोकरी, बँक, शाळा सगळेच बंद होते, तेव्हा खरी विभागणी वर्गाची नसून दर्जाची आहे, असे कायद्याचे अभ्यासक म्हणतात. भारताने १९५१ चा निर्वासितविषयक करार आणि १९६७ चा पूरक करार यांवर सही केलेली नसल्याने इथल्या रोहिंग्या मुलाच्या बाबतीत हे म्हणणे सहजी खोडता येत नाही. तरीही दर्जा मिळण्याची वाटसुद्धा अनेकदा श्रमबाजारातून जाते. जर्मनीत २०१६ च्या कायद्याने आश्रय नाकारलेल्या तरुणाला एखाद्या व्यवसायाचे तीन वर्षांचे प्रशिक्षण आणि पुढे दोन वर्षांची नोकरी एवढ्या काळासाठी हद्दपारीपासून संरक्षण दिले. अनेकांना त्यातून खरोखर आधार मिळाला, पण त्यात शिकाऊ कामगार होणे हीच देशात राहण्याची किंमत ठरते, आणि विद्यापीठासाठी थांबणे ज्या घराला परवडते त्याच घरातला मुलगा ती किंमत न देता राहू शकतो. दर्जा आणि वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य करूनही, दर्जाचा दरवाजा वर्गाप्रमाणे कमी-जास्त उघडतो हे नाकारता येत नाही.

नागरिकत्व मिळाले की हा विषय संपतो, अशी या विद्याशाखेची एक न बोललेली समजूत आहे. तिथून पुढे ते तरुण निर्वासित राहत नाहीत, आणि म्हणून अभ्यासाचा विषयही राहत नाहीत. ही समजूत कितपत टिकते ते महाराष्ट्रातच तपासता येते. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे १९८२ नंतरच्या गडचिरोलीतील मुलचेरा आणि चामोर्शी या भागांतही, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावे वसवण्यात आली आणि त्यांतील बरीच कुटुंबे नमःशूद्र आहेत. पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र ही अनुसूचित जात आहे. महाराष्ट्राच्या यादीत ती नाही, कारण राज्यघटनेच्या ३४१ व्या अनुच्छेदाप्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यवार ठरते, आणि एका राज्यातील यादीतल्या माणसाला दुसऱ्या राज्यात गेल्यावर त्या आधारे तिथली सवलत मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात स्पष्ट केले. तो खटलाही मुंबईतील वैद्यकीय प्रवेशावरूनच उभा राहिला होता. आपण होऊन स्थलांतर करणाऱ्याला हा नियम जाचक वाटला तरी समजण्यासारखा आहे. पण या कुटुंबांना कोणत्या राज्यात वसवायचे हे सरकारने ठरवले होते, आणि त्या निर्णयाबरोबर त्यांच्या नातवंडांच्या आरक्षणाचा हक्कही परस्पर निकालात निघाला. आज तिथल्या बंगाली घरातील अठरा वर्षांचा मुलगा भारताचा नागरिक आहे, मराठी बोलतो, जातीने नमःशूद्र आहे आणि महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात त्याला अनुसूचित जातीच्या रकान्यात खूण करता येत नाही. निर्वासित तरुणांवरील कोणत्याही नमुना पाहणीत तो येणार नाही. त्याच्या आजोबांना छावणीतून जंगलात पाठवणाऱ्या आदेशाचा परिणाम मात्र त्याच्या गुणवत्तायादीतील क्रमांकावर आजही मोजता येईल, आणि वर्गाचे संशोधन करणाऱ्याने सुरुवात त्या यादीपासून करायला हरकत नसावी.